सरव्याची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी, बांबूची टोपली आहे. माझ्या अंगाला फिनेलचा वास येतो, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तो वास माझा नाही.

चितेगावच्या कडूबाईने मला बाजारातून आणले. फटींतून दाणा गळू नये म्हणून आतून-बाहेरून शेणाने लिंपून उन्हात वाळवले. माझे काम एकच, सरवा. ज्वारी कापून नेली की रानात चुकार कणसे पडून राहतात. त्यांना सरवा म्हणतात, आणि ज्याला स्वतःचे रान नाही त्याने तो वेचायचा, ही आमच्याकडची रीत. रानाच्या मालकीण वच्छलाबाई कापणीच्या बायकांना बजावत, "पडलेलं कणीस उचलू नका गं. ते कडूबाईचं हाय." कडूबाई वाकून वाकून मला भरायची. उन्हाळाभर तिच्या तव्यावर त्याच ज्वारीच्या भाकरी असत.

पुढे वच्छलाबाई शहरात मुलाकडे राहायला गेल्या. मुलगा सुदर्शन औरंगपुऱ्यात इंग्रजी बोलण्याचे क्लास चालवतो. यंदा कापणीवर लक्ष ठेवायला तोच गाडी घेऊन आला. कडूबाई मला कणसांनी भरून, कमरेवर घेऊन बांधावर चढत होती.

"काय मावशी, दिवसाढवळ्या चोरी?"

"चोरी कशाची, दादा? सरवा हाय. तुमच्या आईनंच सांगितलेलं…"

"आई आता इथं नाही. खाली ठेव ते."

त्याने मला रानात पालथे केले आणि ट्रॅक्टरवाल्याला रोटाव्हेटर घालायला सांगितले. बघता बघता कणसे मातीत चिरडली गेली. त्याला ती खायची नव्हती, विकायचीही नव्हती. फक्त तिला मिळू द्यायची नव्हती. मला शिसारी आली.

मला मात्र त्याने डिकीत टाकले. टोपली म्हणे 'एथनिक' दिसते!

क्लासमध्ये मला फिनेलने घासले, वरून वॉर्निश चोपडले आणि टेबलावर मांडले. सुदर्शनने फळ्यावर 'ग्लीन' हा इंग्रजी शब्द लिहिला. "शेतात मागे राहिलेले दाणे वेचणं हा याचा मूळ अर्थ. पुढे तो ज्ञानालाही लागू झाला. थोरांच्या बोलण्यातून कण कण वेचा. वेचायचं तर वाकावं लागतं, मुलांनो!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. वाकलेल्या बाईला हाकलून देणारा हात तोच होता, आता त्यात खडू होता.

तास संपला की पोरे माझ्यात चॉकलेटचे कागद टाकत. कोणी चघळलेले च्युइंगम चिकटवले. ते ओलसर, कोमट गोळे ज्वारीच्या जागी बसले.

एके दिवशी वच्छलाबाई डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"सुदर्शन, हे टोपलं कडूबाईचं ना?"

"आई, क्लास चालू आहे."

"चालू दे. तिचा सरवा कुठंय?"

पहिल्या बाकावरच्या सायलीने विचारले, "सर, म्हणजे ही खरी ग्लीनवाली टोपली आहे?" मागे कोणीतरी फिसकन हसले. सुदर्शन फळा पुसू लागला.

दुसऱ्याच दिवशी आईने त्याला गाडी काढायला लावली. माझ्यातला कचरा वच्छलाबाईंनी स्वतः उपसला, घरच्या कोठीतली ज्वारी शिगोशीग भरली आणि मला कडूबाईच्या दारात नेऊन ठेवले.

"घे कडूबाई. लई चुकलं पोराचं."

कडूबाईने मला उचलले आणि सगळी ज्वारी वच्छलाबाईंच्या पिशवीत परत ओतली.

"वैनी, ही तुमची ज्वारी. घरी काय शिजणार ते माझं मी बघीन. पण भीक कधी घेतली नाय. सरवा घेतला." मग ती सुदर्शनकडे वळली. "दादा, पुढच्या सुगीला मी येणार. वेचू देणार का नाय, तेवढं बोला."

सुदर्शन मोबाइलमध्ये पाहत राहिला.

"बोल की रे!" आई म्हणाली.

"बघू," तो म्हणाला.

त्या 'बघू'ची मला अजून किळस येते.

मित्रांनो, तुम्ही पुष्कळ शब्द शिकाल आणि त्यांचे सुंदर अर्थही पाठ कराल. जरूर करा. पण एखादा शब्द ज्याच्या भाकरीतून आला, त्याला आपल्या बांधावरून हाकलू नका. या उन्हाळ्यात कडूबाई पैठण रोडच्या एका कारखान्यात झाडू मारायला जाते. मी तिच्या दाराशी आहे, रिकामी.