परवाचं

रविवारी दुपारी तारीखबाईच्या ओट्यावर पाच डबे तोंड उघडून बसायचे आणि ती त्यांना भरवायची. सोमवारी भाज्यांचं सूप, मंगळवारी बटाटे, बुधवारी घेवडा, असं शुक्रवारपर्यंत. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी, पट्टीवर वार, आणि फ्रिजच्या दारावर आठवड्याचा तक्ता. मंगळवारच्या चौकोनात तर 'अंडी आयत्या वेळी फोडणे' अशी सूचनासुद्धा असायची, जणू कुणी ती आदल्या दिवशीच फोडून ठेवणार होतं.

हे खूळ कारखान्यातून आलेलं. तिथे ती सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून औषधांच्या खोक्यांवरच्या तारखा तपासायची. दिवसाचे आठ तास, मिनिटाला चाळीस खोकी. म्हणून तिकडे तिचं नाव तारीखबाई पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःच्या नावापेक्षा तेच अंगाला बसायचं.

पाळी दुपारी बाराची. घरी यायला साडेनऊ. तेरा वर्षांची लेक तोवर झोपलेली असायची, कारण तिला पहाटे पाचला पोहायला जायचं असे, आणि तिथूनच ती परस्पर शाळेत जाई. आजोबांनी तिचं नाव बेडकी ठेवलं होतं. हे आजोबा म्हणजे तारीखबाईचे सासरे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने वेगळं बिऱ्हाड थाटलं, तेव्हा मुलगा गेला आणि बाप राहिला. "मी मुलाकडे नाही राहत, सुनेकडे राहतो," असं ते कुणालाही ऐटीत सांगायचे. संध्याकाळी डबा गरम करून नातीला वाढणं हे त्यांचं खातं.

तर मायलेकींची गाठ पडायची ती फ्रिजच्या दारावर. तक्त्याखाली चुंबकाने चिठ्ठ्या लावायच्या. 'मोजे फाटले.' 'आणते.' 'घेवडा खारट.' 'बरं.' संसार कसा चालतो म्हणून कुणी विचारलं असतं तर तारीखबाईने "चुंबकावर" असं उत्तर दिलं असतं. पण विचारणार कोण, आणि हसणार तरी कोण? एका कुशीवर झोपून हात बधिर होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तशी ती अख्खी झाली होती. दुखत काहीच नव्हतं. कारखान्यातल्या मैत्रिणीने एकदा काळजीने विचारलं तेव्हा ती "दुखत नाही ना, मग झालं," म्हणाली आणि पुढचं खोकं बघू लागली.

अशात त्या वसतिगृहाचं आलं. दूरच्या शहरात पोहणाऱ्या मुलींची निवासी शाळा होती. बेडकीची निवड झाली होती आणि अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. दिला की चार वर्षं लेक तिकडे. नाही दिला तर जागा पुढच्या मुलीला. बेडकीचं मन इकडेही होईना नि तिकडेही. रविवारी सकाळी आईने ठरवून टाकलं, "गुरुवारी मी साडेसहाला घरी येते. एकत्र जेवू आणि ठरवू."

"जेवण मी करणार," बेडकी म्हणाली. "तू त्या दिवशीचा डबा नाही भरायचा."

म्हणून त्या आठवड्यात तक्त्यातला गुरुवारचा चौकोन कोरा राहिला.

काय सांगायचं ते तारीखबाईला पक्कं ठाऊक होतं. जाऊ नकोस, एवढंच. ती लेकीशी आठवड्यातून चार शब्द बोलत असेल, पण रात्री घरी आल्यावर दाराशी तिच्या पोहण्याच्या चपला दिसल्या नाहीत, तर आपण पाऊल आत टाकूच शकणार नाही, हे तिला कळत होतं. फक्त ते जाणवत नव्हतं. पत्ता पाठ असावा आणि घर डोळ्यांपुढे येऊ नये, असं काहीतरी.

आणि त्याच रविवारी दुपारी बेडकीच्या हातून घेवड्याचं पातेलं कलंडलं. अर्धा बुधवार फरशीवर. तारीखबाई इतक्या दिवसांत कशावर ओरडली नव्हती, ती नेमकी तेव्हा ओरडली, "जा एकदाची त्या वसतिगृहात! एक डबा तरी कमी होईल माझा!"

बेडकीने फरशी पुसली. आजोबांनी उगीच रेडिओचा आवाज वाढवला.

मंगळवारी सकाळी फ्रिजवर नवी चिठ्ठी होती. 'आई, परवाचं लक्षात आहे ना?'

तारीखबाई हातात चहा घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. रविवारचं ओरडणं दोन दिवस तिच्या कानात होतंच. पोरीच्याही मनाला लागलंय तर, असं तिला वाटलं. लक्षात आहे का म्हणून विचारतेय. म्हणजे आई अजून रागावलीय असं समजतेय वेडी. बधिर हातात रक्त फिरताना मुंग्या येतात तसं कुठेतरी काहीतरी झालं, आणि तिने पेन घेतलं. एरवी तिची चिठ्ठी एका शब्दाची, त्या दिवशी तिने सढळ हाताने दोन वाक्यं लिहिली. 'परवाचं विसरून जा. मी केव्हाच विसरले.'

वर एक फूलसुद्धा काढलं. मग डबा उचलून ती कामावर गेली, आणि त्या दिवशी तिला आपण आई असल्यासारखं वाटलं.

गुरुवारी तिने मैत्रिणीशी पाळीची अदलाबदल केली आणि बदल्यात दोन रविवार देऊन टाकले. साडेसहाला पाच मिनिटं असताना ती दारात होती. पिशवीत चांगला पाव आणि द्राक्षं.

ओटा कोरडा होता. बेडकी टेबलापाशी पावाला जाम लावून खात होती. आजोबांच्या पुढ्यातही तेच.

"तू आलीस?" बेडकी म्हणाली.

"आज गुरुवार ना. ठरलं होतं आपलं."

आजोबांनी सुरी खाली ठेवली. "सूनबाई, अहो तुम्हीच ना लिहिलं होतं विसरून जा म्हणून?"

"ते रविवारचं, बाबा! मी ओरडले होते त्याचं!"

"मी आजचं विचारलं होतं," बेडकी म्हणाली.

ध चा मा केला म्हणावं, तर अक्षर न् अक्षर जागेवर होतं. आपल्या भाषेतला परवा मागेही असतो आणि पुढेही. लेकीने पुढचा लिहिला, आईने मागचा वाचला. दिवसभर तारखा तपासणाऱ्या बाईने घरातल्या नेमक्या त्या चिठ्ठीवरची तारीख तपासली नाही. ती स्वतः डब्यावर कधी उद्या-परवा लिहीत नसे, वार लिही. पण पोर काही कारखान्यात वाढलेली नव्हती. ती घरात बोलतात तसं लिहीत होती.

"अर्ज?" तारीखबाईने विचारलं.

"काल दिला. आजोबांनी सही केली."

"मला चिठ्ठी दाखवली हो तिने," आजोबा म्हणाले. "अक्षर तुमचं, वर फूल तुमचं. मला वाटलं, आईनेच सोडून दिलंय तर आपण कोण अडवणार?"

"मी पोहण्याच्या सरांना फोन करते. आत्ता करते."

"सरांनी आज नावं कळवली," बेडकी म्हणाली. "दुसऱ्या मुलीला नाही म्हणून सांगितलं. ती रडत होती. पहिल्या तारखेला जायचंय." तिचा आवाज सपाट होता. खोक्यामागून खोकं पुढे सरकावं तसे एकेक शब्द येत होते. तो आवाज कुणाचा आहे हे तारीखबाईने ओळखलं आणि हातातली पिशवी टेबलावर ठेवली.

"तू काय करणार होतीस जेवायला?" तिने कसंबसं विचारलं.

"सूप. तू करतेस तसंच. आजोबांकडून भाज्या आणून घेतल्या होत्या. काल ते सगळं शेजारी देऊन टाकलं." बेडकीने जामच्या बाटलीचं झाकण लावलं. मग पहिल्यांदाच आईकडे नीट पाहिलं. "तू काय सांगणार होतीस आज?"

आता खरं सांगावं तर जाताना पोरीचा पाय अडकणार. न सांगावं तर ती चार वर्षं वेगळंच समजून जगणार. तारीखबाईने फार विचार केला नाही. इतके महिने कुठे दडून बसलेलं दुखणं एकदम छातीत उतरलं होतं, आणि त्यापुढे विचार चालत नव्हता.

"जाऊ नकोस म्हणणार होते," ती म्हणाली. "मला तू इथे हवी आहेस."

बेडकीने मान खाली घातली. ताटलीतला चुरा एका बोटाने गोळा करत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज सपाट नव्हता.

"मग तेवढंच लिहायचं होतंस ना."