डावीकडचा डबा

"एक प्लेट भात उडवून दाखव, भागवत. बस, एवढंच," असं म्हणून भगवंतराव आमच्या चायनीजच्या गाडीसमोरच्या बाकावर ऐसपैस बसले.

"मी नाई करत आता. वंदना करते," माझे मालक म्हणाले, आणि खाली मान घालून पत्ताकोबी चिरायला लागले.

भगवंतराव शेगावचे. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं हॉटेल, वर लॉज. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नाला जळगाव जामोदला आले होते, तेव्हा आमच्या गाडीवर ह्यांच्या हातचा शेजवान भात खाऊन गेले. तो भात डोक्यात ठेवून हा गृहस्थ आज भर दुपारी एवढ्या लांबून मोटारसायकल हाणत आला होता. त्यांना हॉटेलात चायनीज सुरू करायचं होतं. पक्की नोकरी, राहायला खोली, आठवड्याला एक सुटी. 'प्रतीक्षा चायनीज' असं पोरीचं नाव रंगवलेल्या ह्या चार चाकांपाशी अर्धं आयुष्य उभ्यानं काढलेल्या माणसाला अजून काय पाहिजे? आणि आमचे हे म्हणत होते, मी नाही करत.

"काऊन बाप्पा? हात भाजला म्हून?" ह्यांच्या हातावरचे डाग बघत भगवंतरावांनी विचारलं.

"भाजलेलं कवाच बरं झालं. हातच खोटा झाला माहा. वीस वर्षं चुकला नाई, अन् एक दिवस चुकला. आता त्याचा भरवसा नाई राह्यला. तुमच्या हाटेलात कोनाले जाळून ठेवलं तर?"

मी भट्टी पेटवली. हे शब्द मी दोन वर्षं ऐकत होते आणि दर वेळी गप्प बसत होते. आज तरी तोंड उघडशील का, बाई? मी स्वतःलाच विचारलं. कढई तापली, तेल पडलं, लसूण-मिरची तडतडली, भातही पडला. तोंड काही उघडलं नाही.

आता सांगतेच. लपवून तरी काय मिळवलं?

आमच्या भट्टीच्या दोन बाजूंना दोन डबे असतात. पत्र्याचे, वरचं तोंड कापलेले, दिसायला अगदी सारखे. भट्टीमागं जो उभा राहील त्याच्या डावीकडं तेल आणि उजवीकडं पाणी. एक प्लेट झाली की तापल्या कढईत पळीभर पाणी ओतायचं, कुंच्यानं घासायचं, फेकायचं, की पुढची प्लेट घ्यायची. गर्दीत मान वळवायला फुरसत नसते. डोळे कढईवर असतात आणि पळी आपली आपण डब्यात जाते.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला मी गाडी धुतली. कुणी विळे-कोयते पुजतं, कुणी ट्रॅक्टर पुजतं. आमची लक्ष्मी म्हणजे ही भट्टी. कढई घासली, डबे घासून नव्यानं भरले. मग देवापुढं उभं राहावं तशी भट्टीच्या समोर, म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहिले आणि सगळं मांडलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. तेल डावीकडं ठेवलं, पाणी उजवीकडं ठेवलं. माझ्या डावीकडं! पलीकडं उभं राहणाऱ्याची ती उजवी बाजू होते, हे काही ह्या अकलेच्या कांद्याला सुचलं नाही.

संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि लोक गाडीवर आले. पहिलीच ऑर्डर मंचुरियनची. तळायचं तेल मीच पिशवी फोडून कढईत ओतून दिलं होतं. ह्यांनी भट्टीला हात जोडले आणि कामाला लागले. तेल धुरावलं. थोडं कमी वाटलं म्हणून ह्यांनी डावीकडच्या डब्यातून पळी भरली आणि ओतली.

भडका पार वरच्या ताडपत्रीपर्यंत गेला. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. लोकांनी ह्यांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी गॅस बंद करायला मागं राहिले, तेव्हा मला दिसलं. डावीकडच्या डब्यात पाणी होतं.

आणि मी काय केलं? दोन्ही डबे उचलले आणि जिथले तिथं ठेवून दिले. नवरा तिकडं तळमळतोय, आणि ही बया इकडं डबे नीट लावतेय!

दुसऱ्या दिवशी भट्ट्या दुरुस्त करणारे फकीर मोहम्मद चाचा आले. नळी बघितली, बर्नर बघितला, डबे बघितले. तिथून दवाखान्यात जाऊन ह्यांना म्हणाले, "भट्टीत काई खराबी नाई, भाऊ. डबे बी जागेवर हायेत. तुमचाच हात चुकला असन." हे बिचारे म्हणाले, "हाव चाचा, माहाच चुकला." उशाशी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. पंचफुलाबाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. त्यांच्या भीतीनं मी तोंड शिवून घेतलं.

पण मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. मग कुणाची भीती होती? खरं सांगते, तोवर भट्टीवर मी उभी राहायला लागले होते, आणि लोक म्हणायला लागले होते, वयनीच्या हातची चव भाऊच्या हातालाही नव्हती. ते मला गोड लागत होतं. जळो मेलं ते गोड लागणं! कारण इकडं हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खंगत होता. दाढी न्हाव्याकडून करून घ्यायचा. चहाचं पातेलं उतरवायलाही पोरीला हाक मारायचा.

भगवंतरावांनी प्लेट संपवली, हात धुतले, रुमालाला पुसले.

"चांगला झाला वयनी. पन तो भात नाई हा," ते म्हणाले. "येतो मंग. दुसरा कोनी पाहा लागन."

त्यांनी किक मारली. ती किक माझ्या छातीतच बसली.

"थांबा!" मी ओरडले. "दोन मिंटं थांबा, भाऊ. आवो, तुमी बी ऐका. त्या दिवशी तुमचा हात नाई चुकला. डबे मी उलटे ठेवले होते. पूजा करताना, समोरून. अन् तुमाले नेल्यावर मीच ते सरळ केले. चाचानं पाह्यले ते मी बदललेले डबे होते."

मोटारसायकल बंद झाली. ह्यांची सुरी पत्ताकोबीत अर्धवट रुतून राहिली. आता शिव्या येतील, सुरी फेकून मारतील, काय वाटेल ते करोत, मी तयार होते.

"तेल घ्याले म्हून मी डावीकडंच पळी घातली होती?" ह्यांनी विचारलं.

"हाव."

"म्हंजे हात बरोबर जागी गेला होता?"

"अगदी बरोबर गेला होता. चूक माही होती, सगळी माही."

त्यांनी उजवा हात वर धरला. उलटा केला, सुलटा केला, बोटं मिटली, उघडली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग उठले, भट्टीपाशी आले.

"सरक," म्हणाले.

मी सरकले. त्यांनी कढईचा दांडा धरला. पहिल्यांदा भात उडवला तो निम्मा रस्त्यावर पडला. दुसऱ्यांदा थोडा पडला. तिसऱ्यांदा सगळा भात वर गेला आणि सगळाच्या सगळा कढईत आला. भगवंतरावांनी उभ्या उभ्याच दोन घास खाल्ले.

"मीठ जास्त झालं," ते म्हणाले. "पन भात तोच. एक तारखेले येतो का?"

"येतो," हे म्हणाले.

भगवंतराव गेले. मी रडत होते. ह्यांचे पाय धरावेत असं फार वाटत होतं, पण कुठल्या तोंडानं धरू?

"काई तरी बोला ना," मी म्हणाले. "मारा, पन बोला."

"आईले मालूम होतं हे?"

"नाई."

"म्हातारी शेवटपर्यंत म्हनत होती, माह्या भागवताच्या हाताले कोनाची तरी नजर लागली. जाताना बी माहा हात हातात घेऊन बसली होती, फुकर घालत. तिले आता कोन सांगन, वंदना?"

तेवढ्यात कॉलेजची दोन पोरं गाडीशी आली आणि म्हणाली, "वयनी, दोन हाफ राईस." मी ह्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी कढई चढवली. मी त्यांच्या जागेवर जाऊन बसले आणि उरलेली पत्ताकोबी चिरायला घेतली. किती बारीक चिरू, एवढंसुद्धा त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही.