पेटीच्या झाकणातला शिपाई

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. अडीचशे वर्षांचा. माझ्यावर एक म्हातारा शिपाई बसला आहे. पडलेले गाल, पांढऱ्या मिशा आणि एक रिकामी बाही, कोटाच्या गुंडीला अडकवलेली.

माझा जन्म ऑग्सबर्ग शहरात, एरनफ्रीड नावाच्या कारागिराकडे झाला. तो तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देई, त्यावर सुईने चित्र कोरी आणि पत्रा तेजाबात बुडवी. सुई फिरली असेल तिथले तांबे तेजाब खाई. त्या चऱ्यांत शाई भरून वर ओला कागद दाबला, की चित्र उमटे.

म्हातारा बाल्टाझार त्याच्यासमोर तीन सकाळी बसला. उजवा हात लढाईत गेलेला, बोलणे मात्र अखंड.

"मास्तर, सुरकुत्या जरा कमी काढा हं. लेकीला पाठवायचंय. अकरा वर्षांत तिनं मला पाहिलेलं नाही. पाय चालत नाहीत, अन् लिहिणारा हात राहिला शत्रूकडे!"

"सुरकुत्या वगळल्या तर कागदावर उरेल काय?" एरनफ्रीड म्हणाला. "मिशा?"

दोघे हसले. त्या हसण्यातच चूक झाली. छापताना चित्र डावे-उजवे उलटे उमटते, म्हणून एरनफ्रीड एरवी माणसाला आरशात बघून कोरी. या वेळी तो समोरच बघत राहिला. माझ्यावर रिकामी झाली ती डावी बाही.

बाल्टाझारला ते कळलेच नाही. दाढी करताना आरशात तो स्वतःला तसाच बघत आला होता. "अगदी मीच की!" म्हणत त्याने मला एका हाताने गुंडाळले आणि गाडीवानाच्या हवाली केले.

डोंगरापलीकडच्या गावी त्याची लेक वालबुर्गा पिठाच्या हातांनी धावत आली. मला उलगडले, आणि तिचा चेहरा विझला. अकरा वर्षांत बापाचा चेहरा बदलला होता. तिची ओळख उरली होती ती त्याच्या एका हाताशी.

"हे माझे बाबा नव्हेत. डाव्या हातानं वाढवलंय त्यांनी मला. याला तर तोच हात नाही!"

"कारागिरानं दुसऱ्याचा बाप गुंडाळून दिला वाटतं," सासू म्हणाली. "असू दे. कागद जाड आहे. पेटीच्या झाकणाला आतून चिकटव."

झाले. पेटी मिटली की काळोख, खाली घडीचे कपडे आणि वाळल्या फुलांचा वास. मित्रांनो, चित्राला डोळे मिटता येत नाहीत. चार हिवाळे मी त्या काळोखाकडे बघत राहिलो. वर, त्याच पेटीवर बसून, वालबुर्गा बापाच्या निरोपाची वाट बघे.

पाचव्या हिवाळ्यात गाडीवान दारात आला, तो टोपी हातात घेऊनच. बाप गेला, हे वालबुर्गाला विचारावे लागले नाही.

काळी शाल काढायला तिने पेटी उघडली आणि ती आरशापुढे उभी राहिली. शालीची गाठ बोटांतच राहिली. आरशात, तिच्या खांद्यामागे, बाल्टाझार बसला होता. उजवी बाही रिकामी, डावा हात गुडघ्यावर.

"बाबा!"

ती वळली. मागे झाकण, आणि झाकणावर परका म्हातारा. पुन्हा आरशात पाहिले, तर बाबा.

"अहो आई, हे बाबाच होते हो! चार वर्षं मी त्यांच्यावरच बसले!"

सासूने भिंतीवरचा आरसा उतरवला आणि उघड्या पेटीसमोर टेकवून ठेवला.

त्यानंतर दर रविवारी पेटी उघडी असे. वालबुर्गा आरशाशी बोले, हसे, रडे. माझ्याकडे मात्र तिची पाठच असे.

आता मी एका संग्रहालयात काचेखाली आहे. पाठीवर अजून त्या पेटीच्या खळीचे डाग आहेत. लोक वाकतात, "कोण असेल हा?" म्हणतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, कधी आलात तर मला उन्हात नेऊ नका, काच उघडू नका. कागदाचा जीव केवढा! पण खिशात लहानसा आरसा असू द्या. माझ्याकडे पाठ करून त्यात बघा. बाल्टाझार तिथे बसलेला दिसेल. लेकीने ओळखले, एवढे त्याला सांगा. ते त्याला अजून कुणी सांगितलेले नाही.