लाल निचरा

जुन्या गोदामात सभा भरली होती, पण लोकांचं लक्ष व्यासपीठापेक्षा मागच्या संडासांकडेच जास्त होतं. तिथून एकेक जण बाहेर येई आणि परीक्षेचा निकाल सांगावा तशा थाटात म्हणे, "लाल." की लगेच टाळ्यांचा कडकडाट. ज्या गोष्टीबद्दल माणसं चारचौघांत ब्र काढत नाहीत, तिचा आता सत्कार होत होता.

व्यासपीठावर निचराबाबा डोळे मिटून सांगत, "डॉक्टर रोग दाबतात. आम्ही त्याचा निचरा करतो. लाल होऊन वाहून जातो तो."

ठणठणीत माणसांची लघवीही लाल होई. त्यांच्यात म्हणे लपलेला रोग असे. एखाद्याची नाहीच झाली, तर त्याची श्रद्धा पातळ. बाबा कुठूनही हरत नसत.

चमचाभर तांबूस मध ते फुकट देत. अट एकच. घरात असतील नसतील ती औषधं आधी त्यांच्या पायाशी ठेवलेल्या रांजणात टाकायची.

तिसऱ्या रांगेत आई आणि मावशीच्या मध्ये एक मुलगी बसली होती. दर गोष्टीला "का?" विचारते म्हणून वर्गानं तिचं नाव का-काकू ठेवलं होतं. आज मात्र ती गप्प होती. आई शिवणकाम करायची. तिला क्षय झाला होता. हे घराबाहेर फक्त दवाखान्यातल्या सिस्टरना माहीत होतं. कळलं तर कपडे टाकायला कोण येईल, ही आईची धास्ती.

त्यात दवाखान्यात क्षयाच्या लाल कॅप्सूलचा तुटवडा पडला. सिस्टर येतील तशा थोड्या थोड्या देत. मध्ये तर आठवडाभर खडखडाट होता. मग मावशीनं, बहिणीच्या काळजीपोटीच, उरलेली पाकिटं उचलली आणि रांजणात टाकली. मध खाल्ल्यावर आईची लघवी कॅप्सूल घेताना व्हायची तशी पुन्हा लाल झाली, तेव्हा दोघींच्या जिवात जीव आला. म्हणजे गुण तोच आणि रांगेचा त्रास नाही. पण आईचा खोकला वाढत होता. तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत.

त्या दिवशी सिस्टरही दाराशी उभ्या होत्या. नवा साठा आला होता आणि घ्यायला कोणीच फिरकत नव्हतं. आपले रुग्ण कुठे गेले, ते शोधत त्या आल्या होत्या.

का-काकूनं आईच्या कानात विचारलं, "आई, सांगू?"

आईनं आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिनं मानेनंच हो म्हटलं.

मुलगी उभी राहिली. "बाबा, माझ्या आईला क्षय आहे. तुम्ही इथे यायच्या आधीपासून तिची लघवी लाल होते. दवाखान्यातल्या कॅप्सूलनं. तेव्हा कोण निचरा करत होतं?"

बाबांनी एक डोळा उघडला. "बाळ, आम्ही दूर होतो, पण ध्यानातून काम सुरू होतं."

"मग आठवडाभर कॅप्सूल नव्हत्या, तेव्हा लाल व्हायचं थांबलं होतं. त्या आठवड्यात ध्यानाला सुट्टी होती का?"

कोणीतरी फिस्कन हसलं. बाबांनी दुसराही डोळा उघडला आणि ते श्रद्धेवर बोलू लागले. तेवढ्यात मावशीला रांजणात टाकलेली पाकिटं आठवली; ती उठून तरातरा गेली आणि तिनं त्यांच्या मागचा पडदा बाजूला केला. तिथे खलबत्ता होता, मधाचा डबा होता आणि जमिनीवर लाल कॅप्सूलच्या रिकाम्या टोप्यांचा सडा पडला होता.

"आमचंच औषध आम्हाला चाटवलंत होय?" मावशी म्हणाली.

सिस्टरनी पेलाभर पाणी मागवलं आणि एक कॅप्सूल त्यात उघडली. पाणी लाल झालं. "हा त्या औषधाचा रंग आहे," त्या म्हणाल्या. "हे मी प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगते. तुम्ही लाजेनं ते पोटात ठेवलंत, म्हणून यांचं फावलं. रंग दिसला म्हणजे रोग गेला असं नाही. क्षयाला सगळी औषधं पूर्ण मापात आणि पूर्ण मुदत लागतात. एका रुग्णाचं औषध सगळ्यांत चिमूट चिमूट वाटलं तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे रांग लागली. कपडे टाकणारी काही गिऱ्हाइकं तुटली, काही टिकली. मधात थोडा तरी गुण असणारच, असं म्हणणारे आजही भेटतात.

मुलांनो, चमत्कार दिसला की का-काकूसारखे दोन प्रश्न विचारा. हा माणूस येण्याआधी काय होत होतं? आणि जिच्यामुळे ते होतंय असं वाटतं ती वस्तू नसेल तेव्हा काय होतं? विचारायला धाडस लागतं, पण शिकावं लागत नाही.

सिस्टरनी आईला तपासून उपचार पुन्हा मार्गी लावले. पहिल्या कॅप्सूलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून आईचा आवाज आला, "लाल."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. का-काकू दाराबाहेरून म्हणाली, "ते असू दे गं. आजचा डोस घेतलास का?"