गार इंजिन

पापड विकून साठवलेल्या पैशांतून मी जुनी गाडी घेणार होते. ती फसवी निघाली असती, तर घरच्यांनी मला जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून निपाणीच्या शिवगोंडा दलालाला सकाळीच फोनवर बजावलं होतं, "चारला येते. त्याआधी गाडी चालू करू नका."

चारला बोनेटवर हात ठेवला, तर तव्यासारखं गरम.

"आत्ताच धुऊन आणली, आक्का," असं म्हणत शिवगोंडानं किल्ली माझ्या दिराला, जिनेंद्रला दिली.

"ती इकडं द्या," मी म्हटलं. "इंजिन गार झाल्यावर बघू. गरम इंजिन सगळे दोष झाकतंय."

"दोन तास लागतील! तुमचं दिवस मावळायच्या आत जेवण असतंय न्हवं?" तो हसला. बोरगावची जैन बाई पाचला घराकडं पळणार, हा त्याचा हिशेब.

मी पिशवीतनं डबा काढला आणि त्याच्याच खुर्चीत बसून भाकरी खायला लागले.

"वहिनी, लोक बघाय लागलेत," जिनेंद्र कुजबुजला.

"बघू देत की. तू पण जेव."

सहाला बोनेट गार झालं. मी किल्ली फिरवली. इंजिन चारदा खोकलं आणि मागनं निळा धूर निघाला.

"ऑइल खाती व्हय ही, अण्णा?"

"थोडंसं," शिवगोंडा जमिनीकडं बघत म्हणाला.

"खाऊ दे, तुमच्या दारात." मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "उद्या ती शेजारची पांढरी गाडी बघाय येते. सकाळी सहाला. तुम्ही उठायच्या आत."