हसा, दहा सेकंद आहेत

अरे हलू नका, हलू नका! ...सॉरी, सवय जात नाही. मी ट्रायपॉड बोलतोय. तीन पाय, एक मान, आणि डोकं म्हणाल तर उसनं. कॅमेरा वर बसवला की मी पूर्ण. मला स्वतःला काही दिसत नाही असं लोकांना वाटतं. वाटू दे! म्हणून तर त्यांची खरी तोंडं मला बघायला मिळतात.

कारखान्यात आम्ही शेकडो भाऊ एकाच दिवशी जन्मलो. एक लग्नं गाजवतो म्हणे, एक डोंगरावर जाऊन पक्षी बघतो. आणि मी? मी मिशनरींच्या घरी! परदेशी निघालेल्या या कुटुंबाला मायदेशातल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीनं निरोपाच्या उपासनेत मला भेट दिलं. वर ताकीद, "दर महिन्याला फोटो पाठवा हं!" झालं. तिथेच माझं नशीब फुटलं.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. मध्ये खड्डा पडलेला सोफा, कीबोर्ड, आणि कधीच न मिटणारं इस्त्रीचं टेबल. घरात पप्पा, मम्मी आणि तेरा वर्षांची ताई. पप्पा पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, म्हणून मी त्यांना साहेब म्हणतो. मनातल्या मनात. खाली रस्त्यावर दुकानाचा एक गाळा आहे, तेच आमचं चर्च.

आता प्रार्थनापत्र म्हणजे काय ते समजून घ्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते मायदेशी जातं. इथे सेवा कशी चाललीय त्याचा वृत्तांत, आणि वर एक फोटो. तिकडची माणसं तो फ्रिजवर चिकटवतात आणि फ्रिजमधून दूध काढता काढता आमच्यासाठी प्रार्थना करतात. दूध काढताना रडकं तोंड कुणाला बघायचंय? म्हणून हसायचं. ताप असला तरी हसायचं.

बटण दाबलं की दहा सेकंद मिळतात. साहेब धावत जाऊन सोफ्यात आदळणार. मग नऊ सेकंद ऐका नुसते!

"अहो, माझ्या पायावर बसलात!"

"सरक ना मग!"

"पप्पा, तुमचा कोपर!"

"ए, हसतेस की नाही?"

आणि दहाव्याला खट्! तिघंही अशी गोड की मुंग्या लागाव्यात. अकराव्याला पुन्हा सुरू. शी!

चर्चमधला प्रकार तर विचारूच नका. खुर्च्या साठ, माणसं अकरा. मग त्या अकरांना पुढच्या डाव्या कोपऱ्यात कोंबायचं, माझे पाय आखडायचे, मान वाकवायची. फोटोत रिकामी खुर्ची औषधालाही दिसत नाही! शिवणकाम करणाऱ्या एक आजी आहेत, त्या तर आता तयारीनंच येतात.

"पाळकसाहेब, आज मी कोण? मागच्या महिन्यात नवीन आलेली बाई होते."

"आज फक्त पाठमोऱ्या बसा, आजी. आणि तो स्कार्फ..."

"दुसरा आणलाय. मला काय नवीन आहे का हे?"

आणि मी निमूट मान वाकवून उभा. हो, मीही त्यात सामील! पण माझी मान स्क्रूनं आवळलेली असते हो. यांची कशानं?

यात एक गंमत अशी की साहेब मुद्दाम खोटं बोलत नाहीत. ते पत्र आधी लिहितात. झोकात, मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. आणि मग आयुष्याला म्हणतात, चल, आता यात बस.

तो शनिवारही तसाच. साहेबांनी मला सोफ्यासमोर उभं केलं आणि कपाटावरची मोठी बॅग काढून ताईच्या हातात दिली.

"ही धर. अशी, पुढे. आणि हस."

"कुठे चाललोय आपण?"

"आपण नाही, तू. होस्टेलच्या शाळेत. सगळ्या मिशनऱ्यांची मुलं तिथेच शिकतात, बाळा. पुढच्या आठवड्यात."

रेल्वेनं दीड दिवस लागतो त्या शाळेला. ताईनं बॅगेकडे पाहिलं, मग मम्मीकडे. मम्मीच्या हातात इस्त्री तशीच.

"अहो, हे ठरलं नव्हतं ना? विचार करू म्हणाला होतात."

"अगं, पत्रात लिहून झालंय. 'आमची कन्या आनंदाने निघाली आहे.' किती छान परिच्छेद झालाय तो! सोमवारी जायचंय पत्र."

"मला नाही जायचं," ताई म्हणाली. मोठ्यानं नाही. "पप्पा, मला घरी राहायचंय."

"प्रभूची योजना आहे, बेटा. चला, दहा सेकंद!"

बटण दाबलं. साहेब पळाले. एक, दोन... ताईची हनुवटी थरथरत होती आणि, माणसाची जात बघा, तरी ती हसायचा प्रयत्न करत होती! शिकवलेलं हसू हो! चार, पाच... मला किळस आली. खरंच सांगतो, स्क्रू सैल असता तर मान फिरवली असती.

सातव्या सेकंदाला मम्मीनं इस्त्री ठेवली आणि ती सरळ माझ्यावर चालून आली.

खट्!

फोटोत काय आलं? मम्मीच्या स्वेटरचं एक बटण, अर्धी बॅग, आणि साहेबांचं उघडं तोंड.

"अगं, काय हे! पुन्हा काढावा लागेल."

"नाही काढायचा. ती जाणार नाही."

"पण पत्रात..."

"पत्र मीच टाइप करते ना? बदलते. मुलगी घरीच आहे आणि चर्चला अकरा माणसं येतात. लिहिते तसंच."

"अकरा? लोक काय म्हणतील!"

"दूध काढतील आणि फ्रिज लावतील."

साहेब सोफ्याच्या त्या खड्ड्यात बसून राहिले. पहिल्यांदाच त्यांचं खरं तोंड त्यांच्याच घरच्यांनी पाहिलं. बावळट दिसत होतं. पण ताई हळूच त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मला हे कळत नाही, बुवा. मी नसतो बसलो.

सोमवारी पत्र गेलं. वर तोच फोटो! मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. दोन आठवड्यांनी मायदेशातल्या एका बाईचं उत्तर आलं. "आमच्याकडेही हल्ली चौदाच येतात. कोपऱ्यात बसवून फोटो काढतो. कुणाला सांगू नका." बघा! इकडून तिकडे सगळे एकाच माळेचे मणी!

आता मी दारामागे उभा असतो. फोटो क्वचितच. शिवणाच्या आजी भेटल्या की विचारतात, "आता मी नुसती मीच का?" बिचाऱ्यांची भूमिकाच गेली.

माणसांबद्दल माझं मत काही बदललेलं नाही. तुम्हालाही विनंती एवढीच, हसायचं असेल तर आधीच्या नऊ सेकंदांत हसा. दहाव्याचं मला सांगू नका.

शाळेतून आली की ताई तिचं दप्तर माझ्या मानेवर अडकवते. भयंकर जड असतं ते. मान मोडते माझी.

रोज संध्याकाळी. रोज. तक्रार नाही.