साहेबांसाठी ठेवलेली खुर्ची

मी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची बोलतेय. बेळगावच्या वडगावातल्या एका मराठी सरकारी शाळेत माझा मुक्काम आहे. माझ्यावर मुलं बसत नाहीत, बाईही बसत नाहीत. मी साहेबांसाठी आहे. साहेब कधीतरी तपासणीला येतात, तेवढा वेळ मी खुर्ची असते. बाकीच्या दिवसांत माझ्यावर डस्टर, खडूचं खोकं, कुणाचं तरी विसरलेलं दप्तर, असलं काहीबाही पडलेलं असतं.

माझं लाकूड खानापूरजवळच्या गुंजीचं. तिथं स्टेशनापासून थोडं आत आण्णाप्पा सुताराचं घर होतं. त्याच्या अंगणात मी उभी राहिले. आण्णाप्पा माणसांशी कमी बोलायचा, पण रंधा मारताना लाकडाशी बोलायचा. "सरळ बस गं बाई, आता तुला शाळेत जायाचं हाय," असं म्हणायचा. इथल्या गल्लीतल्या विणकरांनी मिळून मला सांगून करून घेतलं होतं. शाळेत साहेब आले तर त्यांना बसायला धड काही नाही, याची त्यांना लाज वाटायची.

रेल्वेच्या डब्यात उलटी पडून मी बेळगावला आले आणि हातगाडीवरून वडगावात शिरले. तेव्हा पहिल्यांदा मागांची खटखट ऐकली. घराघरांतून साड्या विणल्या जात होत्या. तो आवाज आजही आहे. इथला प्रत्येक धडा त्या आवाजावर शिकवला जातो.

पूर्वीची तपासणी मला चांगली आठवते. आदल्या दिवशी मला ओल्या फडक्यानं पुसायचे. वर्गात हुशार मुलं पुढं बसवायचे. वर्ग कच्चा असला तर वरच्या इयत्तेतली दोन-चार मुलं उसनी आणायचे. ज्यांना वाचता येत नाही, ती मुलं त्या दिवशी शाळेमागच्या झाडांना पाणी घालायची. धो धो पाऊस पडून गेलेला असला तरी घालायची. साहेब माझ्यावर बसायचे, एक कविता ऐकायचे, मान हलवायचे आणि पोहे खाऊन जायचे. झाडांना पाणी कोण घालतंय ते त्यांना खिडकीतून दिसायचं. ते तिकडं बघायचे नाहीत. सगळ्यांना सगळं माहीत असायचं आणि कुणाचंच काही बिघडायचं नाही, असं सगळ्यांना वाटायचं.

वर्षं गेली. माझा उजवा हात निखळला. कुणीतरी तो मागावरच्या सुतानं आवळून बांधला. रंगाचे पोपडे पोरांनी नखांनी काढून नेले. मग एका जूनमध्ये नवी पद्धत आली.

पावसानं ऑफिस गळत होतं म्हणून मिटिंग तिसरीच्या वर्गात, माझ्यासमोरच झाली. मुख्याध्यापक मारुतीराव सर आदल्या दिवशी प्रशिक्षणाला जाऊन आले होते. भला माणूस, पण थकलेला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "लई मोठं काय न्हाय. वर्षातनं दोनदा साहेब येणार. एकदा पावसाळ्यात, एकदा परीक्षेच्या आधी. मागं बसणार, पोरांकडनं वाचून घेणार आणि आपल्याला श्रेणी देणार."

"म्हणजे तपासणीच की सर," चौथीच्या प्रियदर्शनीबाई म्हणाल्या. "आजवर एकदा मरत होतो, आता दोनदा मरायचं."

सगळे हसले. कुणीतरी विचारलं, "सगळं कानडीत सांगितलं काय सर?"

"कानडीतच. मला कानडी येतंय गं, बाजारात कुणाला हार जात न्हाय मी. पण पडद्यावर ते बाण काय, गोल काय! निम्मं पळवलं आणि निम्मं जेवणाची वेळ झाली म्हणून सोडलं."

मग मनिषाबाईंनी हळूच विचारलं, "पण सर, दोनदा कशाला येणार?"

"एकदा बघून आमच्यावर विश्वास बसत न्हाय, म्हणून!" सर म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. खरा प्रश्न तोच होता. तो हशात वाहून गेला.

मनिषाबाई तिसरीच्या. खानापूरकडच्या एका गावातून पहाटेची पहिली बस धरून यायच्या. त्या अतिथी शिक्षिका होत्या. म्हणजे वर्ष संपलं की नाव संपायचं, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणं आलं तर यायचं. घरी लग्नाची बोलणी थोपवून त्या हे करत होत्या, असं प्रियदर्शनीबाईंशी बोलताना मी ऐकलंय. सगळे उठल्यावर सर त्यांच्याजवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पुढल्या वर्षी कुणाला बोलवायचं ते ह्या श्रेणीवरनं ठरणार म्हणालेत. तुझा वर्ग चोख दिसाय पायजे बघ."

जुलैमध्ये तपासणीचे यमनाप्पा साहेब आले. त्या सकाळी सरांनी चौथीतली मुलं तिसरीत आणून बसवली. तेजस्वीला आणि तिच्यासारख्या आणखी काही मुलांना झाडांकडं पाठवायचं ठरलं. तेजस्वीच्या घरी माग. सकाळी आईला सुताच्या कांड्या भरून देऊन ती शाळेत यायची. हात चपळ, पण पुस्तक उघडलं की गप्प. तिला अक्षरंच ओळखता येत नव्हती.

"सर, तेजाला बसू दे की," मनिषाबाई म्हणाल्या. "नवीन पद्धत हाय म्हणताय, तर बघू देत साहेबांना खरं."

"वेडी हायस काय गं? एक दिवस निभवायचा असतोय. तुझ्याचसाठी सांगतोय."

बाईंनी तेजस्वीला दाराबाहेर सोडलं. साहेब माझ्यावर टेकले, मुलांनी घडाघडा वाचलं, साहेबांनी मोबाईलवर बोटं फिरवली आणि गेले. सर खूश झाले. बाई मात्र खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर मुलं पावसातच झाडांना पाणी घालत होती.

दुसऱ्या दिवसापासून माझं नशीब पालटलं. दुपारच्या सुट्टीत बाई मला भिंतीपासून ओढून खिडकीत आणायच्या. माझी पाठ मुलांच्या डोळ्यांसमोर नेमकी येते, म्हणून तिच्यावर खडूनं एक शब्द लिहायच्या. पहिल्या दिवशी लिहिलं, 'कांडी'. तेजस्वी बघत राहिली. बाईंनी पिशवीतून खरी कांडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"हे आमच्या घरातलं हाय!" ती ओरडली.

"व्हय. आणि हे पाठीवर लिवलंय, ते बी तेच."

मग आडवं सूत नेणारा 'धोटा' आला, उभ्या सुताचा 'ताणा' आला, साडीचा 'पदर' आला. घरातल्या वस्तू एकेक करून माझ्या पाठीवर येऊन बसू लागल्या. तेजस्वी बोटानं अक्षरं चाचपायची. तिचं बोट सुतामुळं खरखरीत झालेलं होतं. आण्णाप्पानंतर इतक्या मनापासून मला कुणी हात लावला नव्हता. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि एका दुपारी तिनं पुस्तकातलं एक आख्खं वाक्य वाचलं. वाचून झाल्यावर तिनं मागं वळून बघितलं. आवाज आपलाच होता, हे तिला खरं वाटेना.

फेब्रुवारीत साहेबांची दुसरी भेट ठरली. सर उसन्या मुलांचं बोलायला आले तेव्हा बाई म्हणाल्या, "आता कुणाला आणायचं न्हाय आणि कुणाला घालवायचं न्हाय सर. माझी पोरं बसतील." सर आल्या पावली परत गेले.

यमनाप्पा साहेबांनी सगळ्यांचं वाचन ऐकलं. हुशार मुलांनी भरभर वाचलं. तेजस्वी अडखळली, थांबली, पुन्हा सुरू झाली, पण परिच्छेद संपवूनच खाली बसली. बाईंचं तोंड आनंदानं लाल झालं होतं. साहेब मात्र मोबाईलकडं बघून कपाळाला आठ्या घालत होते.

"बाई, तुमचा वर्ग खाली आलाय."

"खाली? साहेब, ह्या पोरीला जुलैत एक अक्षर येत नव्हतं. आज तिनं धडा वाचला."

"जुलैत सगळ्यांना वाचता येत होतं. मीच बसलोतो की इथं."

साहेबांचा आवाज जरा मऊ झाला. "तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं न्हाय? पहिल्या भेटीला श्रेणी नव्हतीच. पोरं कुठं उभी हायत ते बघायचं होतं. आता कुठवर आली, ते बघायचं. मधली चढण म्हणजे तुमचं काम. जुलैत तुम्ही मला थेट माथ्यावर नेऊन बसवलंत. आता चढण कुठली दावणार?"

बाईंनी माझा सुतानं बांधलेला हात घट्ट धरला. "साहेब, त्या दिवशी..."

दारात मारुतीराव सर साहेबांचा चहा घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

साहेबांनी हात वर केला. "ते बोलू नका. बोललात की मला पाठवावं लागतंय. मग सरांच्यावर येतंय, त्यांची निवृत्ती जवळ आलीय. तू कसं बघितलं न्हाईस म्हणून माझ्यावर बी येतंय. माझीसुद्धा श्रेणी असतीय बाई."

बाईंनी सरांकडं एकदा बघितलं आणि माझा हात सोडला. साहेब चहा न पिताच उठले.

सर आत आले. "चुकलं गं माझं."

"आमाला कुणालाच समजलं न्हाय सर," बाई म्हणाल्या. "तुम्हा एकट्याला कसं समजंल?"

सुट्टीत बाईंच्या नावासाठी सर तालुक्याला हेलपाटे घालत राहिले. जूनमध्ये मनिषाबाईंना बोलावणं आलं, पण एका अटीवर. या वर्षी वर्गाची प्रगती दिसली नाही तर पुन्हा नाव येणार नाही. बाई आपल्या मुलांबरोबर चौथीला गेल्या. मला त्यांनी स्वतः उचलून नेलं.

एव्हाना ती पद्धत सगळीकडं नीट समजली होती. मधल्या सुट्टीत प्रियदर्शनीबाई आल्या आणि डबा उघडत म्हणाल्या, "संकेश्वरला माझ्या भावजयीच्या शाळेत काय केलंय ठाऊक हाय? हुशार पोरांना सांगितलंय, साहेब आले की तोंड उघडायचं न्हाय. पावसाळ्यात ढ, उन्हाळ्यात हुशार! अगं, असं का बघतीस? सगळीच करत्यात. तू एकटीच राहा शहाणी."

बाईंनी भाकरीचा तुकडा तोडला आणि तसाच डब्यात ठेवला.

जुलैत साहेब यायच्या आदल्या दिवशी मनिषाबाईंनी तेजस्वीला माझ्याजवळ थांबवून घेतलं. बराच वेळ त्या तिच्या वेणीची रिबन नीट करत बसल्या.

"तेजा, उद्या साहेबांनी वाचाय सांगितलं तर जरा थांबत थांबत वाच हं."

"का बाई? मला येतंय की."

"येतंय गं. लई छान येतंय. पण उद्या नको."

"म्हणजे पहिल्यासारखं?"

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती, हे पोरीला समजायला वेळ लागला.

यमनाप्पा साहेब आले, माझ्यावर बसले, आणि नेमकं तेजस्वीलाच उठवलं. ती पुस्तक घेऊन उभी राहिली. मी तिचं वाचन इतके महिने ऐकलंय, म्हणून सांगते, तिला तो धडा पाठ होता. पण तिनं 'पा' म्हटलं आणि थांबली. मग 'पाऊ'. मग कपाळावरचा घाम पुसला. गेल्या वर्षी ती जशी अडायची, अगदी तशीच अडत होती. बोटसुद्धा तसंच अक्षराखाली धरलं होतं.

"अगं, काल तर धाडधाड वाचलंस की!" शेजारचा शिवराज म्हणाला.

"शिवराज, गप्प बस!" बाई ओरडल्या. एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी वर बघितलं नाही. मोबाईलवर बोट फिरवलं, उठले, आणि दाराशी जाऊन म्हणाले, "आता समजली बघा तुम्हाला पद्धत." टोमणा नव्हता तो. दमलेला माणूस दुसऱ्या दमलेल्या माणसाशी बोलतो तसं ते बोलले. फेब्रुवारीत चढण दिसेल. बाईंचं नाव राहील.

साहेब गेल्यावर बाई तेजस्वीच्या बाकाशी गेल्या. पुस्तक तिच्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "आता वाच."

पोरीनं त्यांच्याकडं बघितलं. "खरं वाचू, का मघासारखं?"

बाई माझ्यापाशी आल्या आणि माझ्यावर बसल्या. पहिल्यांदाच. त्या किती हलक्या आहेत, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी "खरं वाच" म्हटलं, पण खाली बघत, पुटपुटल्यासारखं. तेजस्वीला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. ती पुस्तकाकडं बघत राहिली.

मी आता म्हातारी झाले. माझा मागचा पाय वाळवीनं पोखरलाय, आणि शाळेत प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या यायच्या आहेत. मला एखाद्या दिवशी चुलीत घालतील, त्याचं दुःख नाही. मी सरांना, साहेबांना, बाईंना कुणालाच नावं ठेवत नाही. माझ्यावर बसलेला प्रत्येक जण कुणाला तरी भिऊनच बसला होता.

माझं एवढंच मागणं आहे. माझ्या जागी जी नवी खुर्ची येईल, तिच्यावर बसणाऱ्यांनो, कधीतरी मोबाईल खिशात ठेवून या. काही पाठवायचं नाही, कुणाचं नाव कापायचं नाही, असं आधी सगळ्यांना सांगून या. मग तेजस्वीला उठवा आणि ती वाचेपर्यंत थांबा.